शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट

टिळकवाडी-हिंदवाडी भागात अमेरिकेत कोणीच नाही असे घर आता शोधावेच लागेल. पूर्वी तिकडून फोन यायचे ते नोकरीचे, ग्रीन कार्डाचे, नाहीतर बाळंतपणाला आईने केव्हा यायचे याचे. आता तिकडची नातवंडे नववी-दहावीच्या पुढे गेली आहेत आणि फोनवरच्या गप्पांत ‘एपी’, ‘ड्युएल क्रेडिट’ असे शब्द येऊ लागले आहेत. इकडचे आजी-आजोबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतात. मी कॉलेजात शिकवतो, म्हणजे मला हे ठाऊक असणारच, असा त्यांचा समज!

आमच्या गल्लीतल्या एका घरात सासूबाई धारवाडकडच्या, सूनबाई कोल्हापूरच्या. धाकट्या मुलाची मुलगी टेक्सासमध्ये अकरावीत शिकते. आपण आठवड्यातून दोन दिवस कॉलेजच्या वर्गात बसतो, असे तिने व्हिडिओ कॉलवर सांगितले. अज्जींनी मला फाटकातच गाठले. “सर, हुडगी सालिगे होगताळो, कॉलेजिगे होगताळो?” मुलगी शाळेला जाते की कॉलेजला? दोन्हीकडे जाते, असे मी सांगितले. त्यावर अज्जींचा दुसरा प्रश्न आला: म्हणजे आपल्या पीयूसीसारखेच ना?

नाही, आणि गंमत तिथेच आहे. आपल्याकडे एसएसएलसी झालेले सोळा वर्षांचे पोर ‘कॉलेजला जातो’ म्हणून गणवेशाच्या जाचातून सुटल्याचा आनंद मिरवते. पाटीवर ‘पदवीपूर्व महाविद्यालय’ असते, शिकवणारे ‘लेक्चरर’ असतात. पण त्या दोन वर्षांतला एकही तास पदवीच्या हिशेबात धरला जात नाही. अमेरिकेतले त्याच वयाचे मूल ‘हायस्कूल’मध्ये असते, पिवळ्या बसने जाते, डबा खाते आणि त्याच्या खात्यावर मात्र पदवीचे क्रेडिट जमा होत असते. आपल्याकडे नाव कॉलेजचे आणि काम शाळेचे. तिकडे नाव शाळेचे, काम थोडेफार कॉलेजचे.

क्रेडिट म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्या विद्यापीठांच्या मराठीत त्याला ‘श्रेयांक’ म्हणतात. अमेरिकेत साधारण पंधरा आठवड्यांचे एक सत्र धरतात. आठवड्याला एक तासाचा वर्ग सत्रभर केला की एक क्रेडिट. बहुतेक विषय तीन क्रेडिटचे असतात. बी.ए. किंवा बी.एस. पदवीसाठी सुमारे १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला तीस, सत्राला पंधरा. तेव्हा शाळेतच कोणी पंधरा क्रेडिट मिळवले, तर कागदावर एक सत्र वाचले. एका सत्राची फी आणि राहण्या-जेवण्याचा खर्च डॉलरमध्ये मोजला, की आईबाप याच्या मागे का लागतात ते कळते.

हे क्रेडिट मिळवायचे मुख्य मार्ग दोन. पहिला अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी. १९५० च्या दशकात काही नामवंत खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या मंडळींनी शाळेची शेवटची आणि कॉलेजची पहिली वर्षे यांत तेच ते शिकवले जाते, याचा विचार सुरू केला. त्यातून एपी उभे राहिले, आणि ते पुढे कॉलेज बोर्डाकडे गेले. मूल आपल्याच शाळेत, आपल्याच शिक्षकांकडे वर्षभर तो विषय शिकते आणि मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते. गुण १ ते ५. त्यात ३ म्हणजे बरे, ५ म्हणजे उत्तम. २०२५ मध्ये अमेरिकेत एका विषयाची फी ९९ डॉलर होती. हा मार्ग आपल्या लोकांना चटकन समजतो, कारण तो शेवटी बोर्डाच्या परीक्षेसारखाच आहे: वर्षभर काय केले याला महत्त्व नाही, त्या दिवशी काय लिहिले ते खरे.

दुसरा मार्ग ड्युएल एन्रोलमेंट. टेक्सासमध्ये त्यालाच ड्युएल क्रेडिट म्हणतात. इथे मूल खरोखरच जवळच्या कॉलेजचे विद्यार्थी होते. हे कॉलेज बहुधा कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचे, कमी फीचे सरकारी कॉलेज असते. वर्ग कॉलेजात भरतो, कधी शाळेतच, कधी ऑनलाईन. त्या एका विषयाचे गुण शाळेच्या दाखल्यावर चढतात आणि कॉलेजच्याही. १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजात शिकण्याची मुभा दिली, आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेले. २०२२-२३ मध्ये अशी सुमारे २५ लाख मुले होती.

हे फक्त हुशार मुलांचे लाड आहेत असे मात्र समजू नये. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ साली एक हायस्कूल सुरू झाले, ते शाळा सोडून देण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. कॉलेज रोज डोळ्यांसमोर दिसले, तर आपणही तिथे बसू शकतो असे त्यांना वाटेल, हा विचार. मला हा विचार फार पटतो. खानापूरच्या पलीकडच्या खेड्यांतून आमच्याकडे येणाऱ्या किती तरी मुलींच्या घरात कॉलेजचे फाटक ओलांडणारी ती पहिलीच असते.

वर्गात नेमके काय करतात?

अज्जींची नात ज्या वर्गात बसते त्याचे नाव इंग्लिश १३०१. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत विषयांना सामायिक क्रमांक आहेत. पहिला आकडा १ म्हणजे विषय पहिल्या वर्षाचा, दुसरा ३ म्हणजे क्रेडिट तीन. एकदा ही किल्ली कळली की नातवंडाचे वेळापत्रक बेळगावात बसूनही वाचता येते.

मी स्वतः इंग्रजीचा, म्हणून तिचा अभ्यासक्रम मागवून वाचला. त्यात कविता नाही, धडा नाही, ‘कवीचा आशय स्पष्ट करा’ नाही. सगळा विषय लेखनाचा. एक मुद्दा घ्यायचा, त्यावर दोन-तीन जणांनी काय लिहिले आहे ते वाचायचे, आपले म्हणणे मांडायचे, कुणाचे काय घेतले ते सांगायचे. मग कच्चा खर्डा, त्यावर प्राध्यापकांच्या खुणा, पुन्हा खर्डा. दुसऱ्याचे वाक्य न सांगता उचलले तर ती चोरी, आणि त्याची शिक्षा नियमावलीत छापलेली. नातीने लिहिले होते शाळेतल्या मोबाईलबंदीवर. निबंध काही थोर नव्हता, पण तिचा स्वतःचा होता.

आमच्याकडे पीयूसीची दोन वर्षे ‘कॉलेज’ करून आलेला विद्यार्थी बी.ए.च्या पहिल्या वर्गात बसतो, तेव्हा त्याला स्वतःच्या मनाने एक पान लिहायला सांगितले की तो शेजाऱ्याकडे पाहतो. दोष त्याचा नाही. मराठी घरात, कन्नड गल्लीत वाढून इंग्रजीत पेपर लिहिणारे हे पोर तीन भाषा बोलते. पण त्याला दोन वर्षे गाईडातली उत्तरे पाठ करायला लावली आहेत. क्रेडिट राहो, सोळाव्या वर्षी तो कच्चा खर्डा आणि त्यावरच्या खुणा तरी आपल्या मुलांना मिळाव्यात, असे मला मनापासून वाटते.

देणारा आणि घेणारा

आता पैशाचा मुद्दा, कारण फोनवर सगळी चर्चा त्याचीच असते. क्रेडिट देते एक कॉलेज, पण त्याची किंमत ठरवते दुसरे, ज्यात मूल पुढे जाणार ते. सोने आपण ज्या पेढीतून घेतले तिथे त्याचा भाव एक, दुसऱ्या पेढीत मोडायला गेलो की दुसरा. तसाच प्रकार.

टेक्सासमध्ये सरकारी कॉलेज-विद्यापीठांत ४२ क्रेडिटचा सामायिक पाया आहे. इंग्रजी, गणित, इतिहास, शासनव्यवस्था वगैरे. तो एका सरकारी कॉलेजात पुरा केला की राज्यातल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाने मान्य करायलाच हवा. म्हणजे नात राज्यातच सरकारी विद्यापीठात गेली, तर ड्युएल क्रेडिट उत्तम सौदा. पण तिने राज्याबाहेरचे मोठे खासगी विद्यापीठ धरले तर तेच क्रेडिट चालेलच, असे नाही. एपीची परीक्षा देशभर एकच असल्याने ती बाहेर जास्त ओळखीची. पण तिथेही कुठे ३ गुण चालतात, कुठे ५ च लागतात. डार्टमथ कॉलेजने तर २०१३ मध्ये जाहीर केले, की पुढच्या वर्षापासून दाखल होणाऱ्यांना एपीचे क्रेडिट पदवीत धरणार नाही. फार तर वरच्या वर्गात बसवू, पण चार वर्षांचे शिक्षण आमच्याकडेच घ्या, असा त्यांचा सूर.

आणखी एक बारकावा आहे. ‘मान्य केले’ आणि ‘उपयोगी पडले’ या दोन गोष्टी वेगळ्या. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाची तीस क्रेडिट विद्यापीठ मान्य करते, पण त्यातली निम्मी ‘ऐच्छिक’ खात्यात टाकते. ऐच्छिकांची गरज तेवढी नसते. मग क्रेडिट कागदावर राहतात आणि पदवीला लागायची ती चार वर्षे लागतातच.

आणि गुण पुसता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातल्या मुलाने अकरावीत, फुटबॉल आणि बाकी सगळे सांभाळत, ऑनलाईन रसायनशास्त्र घेतले. घरच्यांचा आग्रह होता. मिळाला डी. शाळेत तो विषय पुन्हा करता आला असता, पण कॉलेजच्या नोंदीत डी कायमचा राहिला. तिकडे मेडिकलच्या अर्जात आजवर ज्या ज्या कॉलेजात नाव घातले त्या सगळ्यांचे दाखले द्यावे लागतात, शाळेत असताना केलेलेसुद्धा. आता तो मुलगा सोळाव्या वर्षीच्या त्या एका अक्षराचे स्पष्टीकरण लिहीत बसला आहे. म्हणून सरसकट सगळ्या मुलांना यात ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला शाळेचा अभ्यासच जेमतेम झेपतो, त्याने एक विषय घेऊन पाहावा. शेजारच्या पटेलांच्या मुलाने सहा घेतले म्हणून आपल्यानेही सहा घ्यायचे, हा खेळ आपण इकडे ट्यूशनच्या बाबतीत पुरेसा खेळून झालो आहोत.

आपल्या आईबापांना सगळ्यात जड जाते ती गोष्ट वेगळीच. १९७४ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात दाखल झाले, की तिथल्या नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो, वय सोळा असले तरी. शाळेकडून किंवा करांच्या कागदपत्रांच्या आधारे पालकांना माहिती मिळू शकते, पण ‘मी मुलीची आई बोलते, तिला कमी गुण का दिले?’ म्हणून प्राध्यापकांना फोन केला, तर ते नम्रपणे बोलायचे नाकारतात. पेपर उशिरा दिला, आजारी पडले, वर्ग बदलायचा आहे: पत्र मुलानेच लिहायचे. आमच्याकडे पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाची रजाचिठ्ठी घेऊन वडील येतात.

मग आपल्याकडे असे काही आहे का, हा प्रश्न ओघाने येतो. २०२१ मध्ये केंद्राने ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आणि शालेय शिक्षणही वर्षाला १२०० तास, ४० क्रेडिट अशा भाषेत मांडले गेले. पण हे शाळेचे क्रेडिट शाळेच्या पायरीवरचे, ते बी.ए.-बी.एस्सी.तून वजा होत नाहीत. आयआयटी मद्रासच्या ऑनलाईन बी.एस. अभ्यासक्रमाच्या पात्रता परीक्षेला अकरावी झालेली मुले बसू शकतात, पण प्रवेश बारावी उत्तीर्ण झाल्यावरच. त्यातून कर्नाटकात २०२१ ची चार वर्षांची पदवी २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची झाली. क्रेडिटच्या भरवशावर इतक्यात काही आखावे, अशी आपल्याकडे अजून स्थिती नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला मात्र यात नवल वाटले नसते. बेळगाव मुंबई राज्यात होते तेव्हा अकरावीला मॅट्रिक होऊन मुलगा थेट कॉलेजात जाई आणि पहिले वर्ष, इंटर करत चार वर्षांत बी.ए. होई. सोळा-सतरा वर्षांचे पोर खरोखरच पदवीच्या वाटेवर असे. १०+२+३ आल्यावर ती वाट एक वर्ष पुढे सरकली.

अज्जींच्या मुलाला मी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. नात ज्या तीन-चार विद्यापीठांचा विचार करते आहे, त्यांच्या क्रेडिट मान्यतेच्या याद्या आधी पाहा, विषय नंतर निवडा. दुसरे, प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम आणि तिने लिहिलेले मोठे निबंध जपून ठेवा, कारण पुढचे विद्यापीठ शंका आली की तेच मागते. आणि तिसरे, जे लोक विसरतात: शाळेने पाठवलेला दाखला पुरत नाही. कॉलेजचा दाखला त्या कॉलेजकडून वेगळा मागवावा लागतो, आणि तो नातीनेच मागवायचा.