उंटाची मदार आणि उंटाची तब्येत

दिवाळी उलटली, की विदर्भात कच्छचे रबारी मेंढरांचे कळप घेऊन शिवाराशिवारात दिसू लागतात. पुढे मेंढरं, मागे बिऱ्हाडाच्या खाटा, भांडी आणि लहान पोरं पाठीवर घेतलेले उंट. तुमच्यापैकी अनेकांनी शेतात त्यांची मेंढरं बसवून खत घेतलेलं असेल. पण त्यातला एखादा उंट आजारी पडला, की पशुवैद्यकाला बोलावणारे तुम्हीच, आणि 'उंट आम्हाला काय कळतो' म्हणणारेही तुम्हीच!

जानेवारी २०२२ मध्ये कत्तलीसाठी नेत असल्याच्या तक्रारीवरून अमरावती जिल्ह्यात ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले आणि ते गोरक्षणात ठेवले गेले. प्रकरण कोर्टात गेलं. कोण बरोबर हा प्रश्न इथे नाही. पण अशा वेळी उंट धडधाकट आहे की खंगलेला, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच.

सगळ्यांची नजर आधी मदारीवर जाते. मदार म्हणजे चरबीचा साठा, पाण्याची टाकी नव्हे. साठा संपत आला की ती सैल पडते, एका बाजूला कलते. दूध देणाऱ्या सांडणीची मदार लहान होतेच. आणि नर? हिवाळा हा त्याच्या माजाचा काळ. माजावर आलेला नर खाणंपिणं सोडतो, तोंडातून फुग्यासारखी पडजीभ बाहेर काढतो, फेस गाळतो आणि थोड्या आठवड्यांत बराच उतरतो. जानेवारीतला असा नर बघून 'मालक उपाशी मारतो' म्हणाल, तर त्या मालकावर अन्याय होईल.

म्हणून हात लावून बघा. तज्ज्ञ उंटाला शून्य ते पाच असे गुण देतात. शून्य म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे चरबीने थबथबलेला. फासळ्यांवर बोटं फिरवा. नजरेला दिसत नाहीत, पण बोटाला लागतात, असा उंट तीनचा, म्हणजे चांगला. मग पाठीचा कणा, शेवटच्या फासळीपासून कंबरेपर्यंतचा कुशीचा खळगा, पुठ्ठ्याची हाडं आणि शेपटाखालची जागा. कुशीत मूठ बसेल इतका खड्डा आणि शेपटाखाली खोल खाच असेल, तर मदार कशीही दिसो, जनावर खंगलंय.

आता वजन. उंटाला काट्यावर चढवणं आपल्याकडे कुठे जमायचं? शिंप्याकडची टेप घ्या, नसेल तर दोरी घेऊन नंतर मोजा. जनावर सपाट जागी उभं असावं. तीन मापं मीटरमध्ये : खांद्याची उंची, छातीखालच्या घट्ट्यामागून छातीचा घेर, आणि मदारीच्या शेंड्यावरून पोटाचा घेर. तिन्हींचा गुणाकार करून ५० ने गुणा (काही जण ५३ धरतात). उंची १.९०, छाती १.९५, पोट २.४५ असेल, तर उत्तर येतं सुमारे ४५४ किलो. हा अंदाजच, पण पूर्ण वाढलेल्या उंटाला नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा.

त्याचा उपयोग काय, विचाराल. उंटाला सर्रा होतो. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग महिनोन् महिने रेंगाळतो, ताप येतो-जातो, मदार आटत जाते, मालकाला वाटतं चारा कमी पडला. त्यावरच्या इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते. मात्रा कमी पडली तर रोग जात नाही, जास्त झाली तर जनावराला बाधते.

माप घ्यायचं ते सकाळी, पाणी पाजण्यापूर्वी. तहानलेला उंट अंगातलं पाणी इतकं गमावू शकतो की वजन चौथाईने घटतं, तरी तो चालत राहतो. मग पाणी मिळालं, की एका बैठकीत शंभर लिटरच्या वर पितो. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो! काल मोजलेला उंट आणि आज मोजलेला उंट एकच, यावर विश्वास बसणार नाही.

पिल्लांची गोष्ट वेगळी. जन्मतःच ते ३५ किलोच्या आसपास असतं. वरचं सूत्र त्याला नीट लागू पडत नाही. त्याचा दर महिन्याला छातीचा घेर घ्यावा आणि दोरीला गाठ मारावी. दोन गाठींतलं अंतर वाढेना, तर आधी आईच्या सडाकडे बघा. कच्छात अलीकडे उंटिणीच्या दुधाला डेअरीचं गिऱ्हाईक मिळालं आहे. २०१६ मध्ये या दुधाला सरकारी अन्न मानकांतही जागा मिळाली. चार सडांपैकी दोन पिल्लासाठी सोडायची पाळणाऱ्यांची जुनी रीत आहे. पैशाच्या मोहात ती मोडली, की पहिला फटका पिल्लाच्या वाढीला. सांडणी तेरा महिने गाभण राहते, साधारण दोन वर्षांत एकच वेत. तेव्हा एक पिल्लू गेलं, तर दोन वर्षं गेली.

आणि देशात उंट उरलेत किती? २०१२ च्या पशुगणनेत चार लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख. बिकानेरला उंटांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मात्र उंट क्वचितच येतो. तेव्हा रबारी दारी आला, तर डॉक्टर येण्याआधी तीन मापं कागदावर लिहून ठेवा, आणि उंटाने पाणी कधी प्यालं तेही विचारून ठेवा.