स्वयंपाकघरांतील टाकाऊ पदार्थ आणि घरांतील धुणी-भांडीं

भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी स्थिरावलें. कोल्हार, लोणी, बाभळेश्वर या पट्ट्यांत ऊस आला, मोसंबी, पेरू व डाळिंब यांच्या बागा आल्या. आणि या खोऱ्यांत जेथें निचरा नव्हता तेथें काळ्या जमिनींत क्षारही वर आले. चोपण झालेली जमीन सुधारण्यास किती जिप्सम व किती वर्षें खर्ची पडतात, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु धुण्याचा सोडा हा सोडियमचाच क्षार होय, आणि तो आपण रोज आपल्या हातानें मोरीवाटें परसांतील केळी-अळूच्या मुळाशीं सोडतों, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शिवाय त्या सोड्यानें घरांतील स्त्रियांच्या हातांची जी दशा होते, ती वेगळीच. यास कांहीं अंशीं तरी पर्याय आपल्या चुलीपाशींच पडलेला असतो.

मळ एका जातीचा नसतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. तेलातुपाचा ओशटपणा हा एक. आणि तांब्या-पितळेवरील कळंक, तसेंच बोअरच्या जड पाण्यानें बादलीस व नळास धरणारा पांढरा थर, हा दुसरा. पहिल्यास राख किंवा रिठा लागतो. दुसऱ्यास आंबट लागतें. हा भेद न पाळतां तेलकट कढईस चिंच चोळावयाची आणि मग घरगुती उपायांत अर्थ नाहीं असें म्हणावयाचें, असे गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटले आहेत.

नवरात्र जवळ आलें म्हणजे कोल्हारास काय किंवा अन्य गांवीं काय, देवांचीं उपकरणीं चिंचेनें घांसलीं जातात. त्यासाठीं नवी चिंच खर्चण्याचें कारण नाहीं. कोळ काढून उरलेला चोथा, पिळलेल्या लिंबाच्या फोडी किंवा फार आंबट झालेलें ताक पुरतें. तांब्यावर हवेनें ऑक्साइडाचा थर बसतो. आम्ल तो थर विरघळवितें व खालची धातु उघडी पडते. चिमूटभर मीठ घातल्यास काम लवकर होतें. मात्र भांडें लगेच धुवून कोरडें करावें, नाहीं तर राहिलेलें आंबट तांबें खात बसतें आणि दुसऱ्या दिवशीं कळंक पुन्हां दिसतो. कल्हईच्या भांड्यास आंतून हा उपाय करूं नये. लोखंडी तव्यासही नको, गंज चढेल.

पांढऱ्या थरास लिंबूच उत्तम. लिंबाच्या रसांत सुमारें पांच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतें, मोसंबींत तें नांवालाच. मोसंबीच्या सालींत मात्र तेल असतें व तें चिकटपणा सोडवितें, म्हणून ओट्यावरील चिकट डागास ताजी साल उलटी करून चोळावी. डाळिंबाची साल या कामीं वापरूं नये. तिच्यांतील टॅनिनमुळें कपड्यास पिवळा डाग पडतो व लोखंडाशीं तें काळें होतें. तिचा उपयोग रंगाऱ्यास अधिक.

आतां राखेविषयीं. गॅस घरोघर आल्यापासून राख दुर्मिळ झाली, तरी पाणी तापविण्याचा बंब पुष्कळ घरीं अजून पेटतो. बाभळीसारख्या लाकडाच्या राखेंत पोटॅशचा क्षार असतो. तो ओशटपणाशीं मिळून साबणासारखें काम करितो. उसाच्या चिपाडाची राख दिसावयास तशीच, पण तींत सिलिका फार. ती नुसती घांसते आणि चरे पाडते. राख वस्त्रगाळ करून घ्यावी. बंबांत प्लॅस्टिक जाळलें असेल तर ती राख भांड्यास लावूंच नये. ॲल्युमिनियमवर राखेचें पाणी ठेवूं नये, धातु खाल्ली जाते. जड पाण्यांत साबण फेसाऐवजीं चोथा धरितो. रिठ्याचा फेस तेथेंही टिकतो.

अलीकडे थायलंडांतून आलेली एक कृति ‘बायोएन्झाईम’ या नांवानें पसरली आहे. गूळ एक भाग, लिंबू-मोसंबीच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग. म्हणजे शंभर ग्रॅम गुळास तीनशें ग्रॅम साली व एक लिटर पाणी. भांडें पंचमांश रिकामें ठेवून तीन महिने सांवलींत ठेवितात. पहिला महिनाभर रोज झांकण सैल करून वायु जाऊं द्यावा. काचेची बाटली घट्ट बंद केल्यास फुटून इजा होते. गुळाची प्रथम दारू व मग आम्ल होतें, आणि सफाई मुख्यतः या आम्लानेंच होते. नांवांत एन्झाइम आहे म्हणून त्यास चमत्कार मानूं नये. उत्तम गूळ तर यांत मुळींच घालूं नये. पावसाळ्यांत पाघळलेला गूळ चालतो. गाळलेलें पाणी वाटीभर बादलींत घालून मोरी, सिरॅमिकची फरशी व कांचा पुसाव्या. आजाऱ्याच्या खोलीस किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीस निर्जंतुक करण्याचें काम त्यावर सोंपवूं नये.

आपल्याकडील अनेक घरांत शहाबादी फरशी आहे. ती चुनखडीचा दगड असल्यामुळें कोणतेंही आंबट पाणी तिची झिलई उडवितें. तिला साधें पाणी किंवा रिठा बरा. आणि आंबट पदार्थ ब्लीचिंग पावडरीशीं कधींही मिसळूं नये. त्यांतून क्लोरिन वायु निघतो व बंद न्हाणीघरांत तो प्राणावर बेततो.

गाळून उरलेला चोथा खताच्या खड्ड्यांत टाकावा. राखेचें धुवण मात्र, परसाची माती आधींच चोपणाकडे झुकलेली असेल तर, झाडांस न देतां निराळ्या चरानें दूर काढून द्यावें. पोटॅश पिकास हवें असलें तरी तें धुवण अल्कधर्मी असतें, आणि अशा मातींत त्याची भर नको.