‘वेव्ह’ की ‘राइट ऑफ’? कर्ज माफ झालं की फक्त ताळेबंदातून गेलं?

रत्नागिरी : आंब्याच्या नव्या हंगामासाठी बागायतदार पीककर्ज मागायला बँकेत जातो. क्रेडिट रिपोर्टमध्ये जुन्या कर्जापुढे ‘रिटन ऑफ’ असा शेरा दिसतो. ‘म्हणजे माफच झालं ना?’ असं त्याला वाटतं. पण तसं नसतं. उलट याच शेऱ्यामुळे नवं कर्ज अडू शकतं.

गोंधळ कुठे होतो?

बोलताना आपण सर्रास ‘वेव्ह ऑफ’ म्हणतो. मूळ इंग्रजी क्रियापद नुसतं ‘वेव्ह’ आहे. त्याला चिकटलेला ‘ऑफ’ हा ‘राइट ऑफ’मधून आला असावा. त्यात दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द वापरला जातो, ‘कर्जमाफी’. त्यामुळे फरक पुसला जातो.

‘वेव्ह’ म्हणजे काय?

आपला हक्क आपणहून सोडणं. कर्ज ‘वेव्ह’ झालं की तेवढ्या रकमेपुरतं देणं संपतं. सरकारी कर्जमाफीत ही रक्कम सरकार बँकेला देतं. २००८ च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पात्र थकबाकीची पूर्ण माफी होती. इतरांना उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत होती. राज्याच्या २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाख, तर २०१९ च्या योजनेत दोन लाख रुपये होती.

आणि ‘राइट ऑफ’?

हा बँकेचा हिशेबाचा भाग आहे. बुडीत कर्जासाठी पूर्ण तरतूद केल्यावर, साधारण चार वर्षांनी, बँक ते ताळेबंदातून काढते. यालाच निर्लेखन म्हणतात. कर्जदाराचं देणं मात्र कायम राहतं.

संसदेत २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत वाणिज्य बँकांनी सुमारे १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जं निर्लेखित केली. त्याच काळात निर्लेखित कर्जांतून सुमारे २.०४ लाख कोटी रुपये वसूलही झाले. कर्ज माफ झालं असतं, तर ही वसुली झालीच नसती.

उदाहरणाने पाहू

समजा, दोन लाखांची थकबाकी आहे. ती ‘वेव्ह’ झाली, तर देणं शून्य. ‘राइट ऑफ’ झाली, तर दोन लाख आणि व्याज मागण्याचा बँकेचा हक्क शाबूत राहतो. बँक कर्जदाराकडे येऊ शकते, तशीच जामीनदाराकडेही. विकास सोसायटीचं कर्ज असेल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघू शकतो.

काय तपासाल?

- बँकेच्या पत्रात ‘वेव्हड’ लिहिलंय की ‘रिटन ऑफ’?
- बेबाकी दाखला मिळाला का?
- सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा कमी झाला का?
- क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ आहे की ‘सेटल्ड’? ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेलं खातं.

प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. नव्या कर्जाचा अर्ज भरण्याआधी तो काढून पाहा. त्यात ‘रिटन ऑफ’ दिसलं, तर आधी शाखेत जाऊन शिल्लक देण्याचा आकडा लेखी मागा.