पाठ केलेली आज्ञा आणि घेतलेला निर्णय

दहाच्या दहा आज्ञा घडाघडा म्हणणारा मुलगा गणिताच्या पेपरवर वडिलांची खोटी सही करून शाळेत देतो, आणि बाईंची चिठ्ठी घरी येते. अशा वेळी आईला काय वाटत असेल? ‘एवढं शिकवलं, रोज प्रार्थनेला बसवलं, संडे स्कूलला एक रविवार चुकू दिला नाही, त्याचं हे फळ?’ ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी आया हे दुःख मनात ठेवून वावरतात. मंडळीत बोलायची सोय नसते, कारण तिथे सगळ्यांचीच मुले गुणी दिसतात!

पण मैत्रिणींनो, त्या मुलाला आज्ञा येत नव्हती असे नाही. ती चांगलीच येत होती. वडिलांचा राग डोळ्यांपुढे उभा असताना खरे कसे बोलायचे, ते त्याला येत नव्हते. पोहण्याचे पुस्तक पाठ केले म्हणून कुणी विहिरीत तरंगत नाही. श्रद्धेचेही तसेच आहे. वचन पाठ हवेच, पण त्याच्या जोडीला निवड करण्याचा सराव हवा, आणि तो सराव घरात, आईच्या नजरेसमोर झाला तर उत्तम.

रविवारचा एक तास आणि उरलेला आठवडा

संडे स्कूलचा प्रसार झाला तो इंग्लंडमधून. ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने १७८० साली अशी शाळा काढली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना निदान रविवारी लिहिता-वाचता यावे, पवित्र शास्त्र वाचता यावे, हा हेतू होता. घरी शिकवणारे कुणी नाही म्हणून ती सोय होती. आज आपल्या घरात शिकलेली आई आहे, पुस्तके आहेत, तरीही ‘धर्माचं काय ते टीचर बघतील’ म्हणून आपण मोकळ्या होतो. एका तासात बिचाऱ्या टीचर करणार तरी काय?

मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात आईबापांना सांगितले आहे ते फार व्यवहारी आहे. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोलत जा, असा त्याचा आशय. म्हणजे वेगळा तास नकोच. भाजी निवडताना, डबा भरताना, शाळेच्या रिक्षाची वाट पाहताना हे बोलणे होऊ शकते. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याच्या विश्वासाची मुळे तर आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होती, असे पौलाने स्वतः लिहून ठेवले आहे. आजीचे नाव आधी आले आहे बरं का! घरात सासूबाई किंवा आई असतील तर संध्याकाळची गोष्ट त्यांच्याकडे सोपवावी.

वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ असते, पुण्या-नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरांत एखादे गीत, शास्त्रातला उतारा आणि प्रार्थना. रीत कोणतीही असो, लहान मुले आहेत तिथे ती आटोपशीर ठेवावी. दहा मिनिटे पुरे. पेंगणाऱ्या मुलाला चिमटा काढून प्रार्थनेला जागे ठेवले, तर त्याला प्रार्थना आठवत नाही, चिमटाच आठवतो.

गोष्ट सांगा, तात्पर्याची घाई नको

आपली सवय अशी, की गोष्ट संपली रे संपली की लगेच ‘म्हणून बाळा, आपण कधी…’ सुरू! मुले तेवढ्यात कान मिटून घेतात. त्याऐवजी गोष्टीत जिथे दोन वाटा फुटतात, तिथे क्षणभर थांबावे आणि विचारावे, ‘तू तिथे असतास तर काय केलं असतंस?’

लूकाच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. धाकटा परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, इथेच आपण बहुधा थांबतो. पण थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे, त्याचे काय? बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे तो आत गेला की नाही हे दाखल्यात सांगितलेलेच नाही. मुलांना विचारा, ‘तो आत गेला असेल का?’ ज्या घरात दोन भावंडे आहेत, तिथे या प्रश्नावर कशी जुंपते ते पाहा! आणि त्या भांडणातून आपल्याला न सांगता पुष्कळ कळते.

जक्कयाची गोष्टही तशीच. तो झाडावर चढतो ते लहानांना आवडते. मोठ्या मुलांना पुढचे विचारावे. लुबाडलेले चौपट परत देईन, असे तो का म्हणाला? नुसते ‘सॉरी’ म्हणून का भागले नाही? मित्राची कंपासपेटी मोडली तर ‘सॉरी’बरोबर आणखी काय द्यावे लागेल, हे मूल आपणच सांगते.

‘देव शिक्षा करील’ हे वाक्य

कामाच्या गडबडीत आपल्या तोंडून निघून जाते, ‘खोटं बोलशील तर देव शिक्षा करील.’ मूल तेवढ्यापुरते गप्प बसते. पण पुढे काय होते? देव म्हणजे घरातला फौजदार, असे त्याच्या मनात बसते. आणि फौजदारापासून माणूस लपतो. चूक झाली की ज्याच्याकडे धाव घ्यायची, त्याच्याचपासून ते लपायला शिकते.

वर सांगितलेल्या खोट्या सहीचेच पाहू. चिठ्ठी आल्यावर आधी मुलाला जवळ बसवून विचारावे, ‘तुला कशाची भीती वाटली?’ उत्तर बहुधा ‘बाबा मारतील’ असे येते. ते ऐकून घ्यावे. मग शांतपणे सांगावे की गणितात कमी गुण मिळणे ही वेगळी गोष्ट आणि खोटी सही ही वेगळी. पहिलीसाठी अभ्यासाला मदत मिळेल, दुसरी आपण निस्तरायची. दुसऱ्या दिवशी आईने सोबत शाळेत जावे, पण बाईंशी बोलावे मुलाने. शाळा जी शिक्षा देईल ती घेऊ द्यावी, त्यात आईने रदबदली करू नये. बाबांनीही आपला हात आवरायला हवा. नाहीतर पुढच्या वेळी सही अधिक सफाईदार होईल, एवढेच!

आणखी एक. ‘जा, दहा वचनं पाठ कर’ अशी शिक्षा करू नये. शास्त्र आणि प्रार्थना या शिक्षेच्या वस्तू झाल्या की मूल मोठेपणी त्यांच्यापासून दूर पळते. सगळे निस्तरून झाल्यावर रात्री सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, आणि त्यात मुलाच्या अपराधाचा पाढा वाचू नये.

छोट्या निवडी घरातल्या

मोठेपणी योग्य निवड करावी असे वाटत असेल, तर लहानपणी निवड करू द्यायला हवी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला नाताळात विचारावे, ‘तुझ्या खेळण्यांतलं कुठलं दुसऱ्याला द्यायचं?’ मोडकी गाडी काढून दिली तर लगेच रागवू नये. ‘तुला कुणी अशी दिली तर?’ एवढेच विचारावे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला खाऊचे पैसे द्यावेत आणि त्यातून रविवारच्या दानासाठी किती ठेवायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. दर रविवारी चर्चच्या दारात आईने हातावर नाणे ठेवले, तर ते दान आईचे होते.

शाळेतल्या मुलासाठी चार प्रश्न उपयोगी पडतात. हे मी आईला सांगू शकेन का? यात कुणाला दुखापत किंवा नुकसान होईल का? येशूबद्दल मला जे माहीत आहे, त्याच्याशी हे जुळतं का? आणि उद्या सकाळी मला याचं बरं वाटेल का? मित्राने पेपरात उत्तर दाखव म्हणून खुणावले, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीची टर उडवणारे चित्र आले, मोबाइलवर नको ते कुणी दाखवले, तर या प्रश्नांचा आधार होतो. प्रत्येक वेळी उत्तर बरोबरच येईल असे नाही. पण थांबून विचारायची सवय लागते.

प्रसाद हातावर आला तर?

आपल्याकडच्या ख्रिस्ती मुलांपुढे हा प्रश्न हमखास येतो. गणपतीत मैत्रिणीच्या घरी मोदक हातावर ठेवला, तर काय करायचे? घरी विचारावे तर कुणी ‘मुळीच नको’ म्हणते, कुणी ‘त्यात काय झालं!’ मूल गोंधळते.

हा प्रश्न नवा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८ ते १० या अध्यायांत मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचाच विचार केला आहे. जे मूर्तीला वाहिले आहे म्हणून सांगितले जाते ते खाऊ नये, पण कुणी जेवायला बोलावले तर चौकश्या करीत बसू नये. आणि आपल्या मोकळेपणामुळे दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागेल तर तो मोकळेपणा आपण सोडावा, असे त्याचे म्हणणे. तेव्हा आपल्या घरची रीत नवराबायकोने एकदा बोलून, हवे तर पाळकांना किंवा फादरांना विचारून ठरवावी आणि मुलाला तिचे कारण सांगावे.

घ्यायचा नाही असे ठरले, तर नम्रपणे ‘नको, थँक्यू काकू’ कसे म्हणायचे, हे घरी शिकवावे. नाक मुरडून, दुसऱ्याच्या देवाला नावे ठेवून नाही म्हणणे ही श्रद्धा नव्हे, उर्मटपणा आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात येशूने ज्याला आदर्श म्हणून पुढे केले, तो ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परक्या पंथाचाच होता. दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते आणि नाताळात आपल्याकडून करंज्या-लाडू जातात. ते ताट मुलाच्या हाती पाठवावे. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, हे त्याला जिना उतरता उतरता कळते.

प्रश्न विचारणारं मूल

बारा-तेरा वर्षांचे झाले की मूल विचारते, ‘प्रार्थना केली तरी आजी का गेली?’ ‘आपणच बरोबर आणि बाकीचे चूक असं कसं?’ आई घाबरते आणि ‘असं बोलू नये’ म्हणून विषय मिटवते.

अशा वेळी पंडिता रमाबाईंची आठवण ठेवावी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी आणि त्यांच्या चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही, ज्यांनी त्यांना आसरा दिला होता त्या धर्मभगिनींशी रमाबाईंनी पत्रांतून वाद घातले. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही मतभेद झाले. एवढे प्रश्न विचारणाऱ्या याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती सदन उभारले, दुष्काळात सापडलेल्या मुलींना आधार दिला आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली, त्यांना स्वतःला पटल्यावर. मधल्या वर्षांत त्या किती रडल्या, भांडल्या, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे.

प्रश्न विचारणारे मूल दूर चालले आहे असे समजू नये. त्याचा प्रश्न ऐकावा. उत्तर येत नसेल तर ‘मलाही हे नीट कळलेलं नाही, आपण मिळून वाचू’ असे म्हणायला लाजू नये. आजीच्या मृत्यूबद्दल विचारले तर उत्तराआधी त्याला कुशीत घ्यावे.

या आठवड्यापासून

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? दारावर पैसे मागायला आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे आपणच मुलाकडून वदवले, तर नववी आज्ञा शिकवून काय उपयोग? आवाज चढला, उगाच ओरडलो, तर मुलाची माफी मागावी. आईची माफी ऐकलेल्या मुलाला स्वतः माफी मागणे जड जात नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करून पाहा. एक गोष्ट सांगा आणि तात्पर्य सांगू नका. एक लहानसा निर्णय मुलावर सोपवा. आणि रात्री निजताना ‘आज खरं बोलणं कुठे अवघड गेलं?’ असे विचारा. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मिळेल. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐका, आणि ते काहीही असले तरी पहिल्या वाक्याला रागावू नका.