पेठ की उपनगर?

गावात राहावे की गावाबाहेर, हा प्रश्न पुणेकरांस नवा नाही; परंतु १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील अनेकांपुरता तो पाण्यानेच सोडविला. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पूरग्रस्त नव्याने राहू लागले. तेथे वारा, उजेड मिळाला. वाड्यात नळ सामाईक, खोल्या अंधाऱ्या. पण तेव्हा १९४७ च्या कायद्याने भाडे बांधलेले, मंडई जवळ आणि रात्री-अपरात्री धावून येणारा शेजार. जागेची किंमत एकदाच मोजावी लागते. अंतराची मात्र रोज, आणि ती अधिक जाचते म्हाताऱ्यांना व मुलांना. म्हणून आमचे म्हणणे इतकेच : घर घेताना खोल्या मोजाव्यात, तशी शाळा, भाजीबाजार व दवाखाना यांपर्यंतची पावलेही मोजावीत.