तातडीचे वैद्यक : लेखांक सहावा
अपघात विभागातील पंधरवडा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे पोसणाऱ्या मौजे कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी तातडीच्या वैद्यकाची गरज केव्हा आणि कशासाठी पडेल, हे बव्हंशी पंचांग पाहून सांगता येते. पावसाळ्यात बांधावरची घोणस आणि जमिनीवर निजलेल्यांना डसणारी मण्यार, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा, आणि पुढे गाळपाचा हंगाम सुरू झाला की काळोखात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळणारी दुचाकी. अशा गावातील मुलगा बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (ते 2019 साली 100 जागांनिशी सुरू झाले) शिकून आंतरवासितेला रुजू होतो, तेव्हा बावन्न आठवड्यांच्या त्या मुदतीतील अवघे दोन आठवडे अपघात विभागाच्या वाट्याला येतात. आणि तेही पुष्कळदा ड्यूटीची अदलाबदल करून अभ्यासिकेत खर्ची पडतात.

या मुलाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा दोनशे प्रश्नांची, साडेतीन तासांची. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक कापला जातो, आणि पुढील सर्व आयुष्याची दिशा त्या बेरजेवर ठरते. परंतु अपघात विभाग आणि परीक्षा या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, ही समजूत मला मान्य नाही.

सर्पदंशाचेच घ्या. दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवावे, मग नळी एकदाच कलती करावी, आणि रक्त पातळच राहिले असेल तर घोणशीच्या जातीचे विष अंगात भिनले असे समजून प्रतिविष सुरू करावे, ही पुस्तकातील चार ओळींची बाब आहे. पण त्या वीस मिनिटांत नातेवाइकांच्या गराड्यात उभे राहणे, दंडावर आवळलेली दोरी सलाईनची व प्रतिविषाची तजवीज झाल्याखेरीज एकदम न सोडणे, प्रतिविषाची रिॲक्शन आलीच तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवणे, आणि मण्यारीच्या रुग्णाची दंशखूण दिसत नसली तरी झुकलेल्या पापण्यांवरून पुढचे संकट ओळखून ॲम्बू बॅग मागवणे, हे ज्याने एकदा केले त्याला परीक्षेतील सर्पदंशाच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही. अपवाद एवढाच की ज्या दुर्मिळ आजारांवर परीक्षक लुब्ध असतात, ते या विभागात वर्षानुवर्षे फिरकत नाहीत; त्यांच्यासाठी पुस्तकच हवे.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण येथे दिलेच पाहिजे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण हृदयविकाराने दगावताना त्यांनी पाहिले, त्यांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या, त्या 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या, पुण्यात एम.डी. करून ते महाडला परतले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध विंचूदंशात प्राण वाचवते हे त्यांनी दाखवून दिले. संशोधनाला विषय मिळाला तो खेड्यातल्या खाटेवर.

आता पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जाविषयी. अमेरिकेत तातडीच्या वैद्यकाच्या शाखेसाठी अपघात विभागातील गुरुजनांची शिफारसपत्रे व मुलाखत यांना मोठे वजन असते. आपल्याकडे मुलाखत नाही, शिफारस नाही. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, गुणानुक्रम आणि उमेदवाराने भरलेला पसंतीक्रम यांवर दिल्या जातात. तातडीच्या वैद्यकास स्वतंत्र विषय म्हणून मान्यताच मुळी 2009 साली मिळाली, त्यामुळे घरच्यांना ‘हा कसला डॉक्टर’ असा प्रश्न पडतो आणि मुलगा पसंतीक्रमात ही शाखा खाली ढकलतो. ज्याला त्या पंधरवड्यात जाग्रणाचा शीण वाटण्याऐवजी उमेद वाटली, त्याने ती वर घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला तसे वाटले नाही, त्याने केवळ जागा सुटते म्हणून घेऊ नये.

एक व्यवहाराची सूचना. आंतरवासिता अमुक तारखेपर्यंत पुरी झालीच पाहिजे, अशी अट त्या त्या वर्षीच्या परीक्षेस असते. रजा वाढल्या की मुदतही वाढते, आणि पात्रता थोड्या दिवसांनी हुकते. यास्तव प्रत्येक विभागातून बाहेर पडतानाच कार्यनोंदवहीवर सही घ्यावी, दफ्तरात दाखला अडकण्याची वाट पाहू नये.