सर्पदंश : उपेक्षित आजार आणि नोंदींचे मोल

हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार अशा उष्ण कटिबंधातील उपेक्षित आजारांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेने जून २०१७ मध्ये सर्पदंशाचा अग्रक्रमाने समावेश केला. हा जंतू वा परजीवींमुळे होणारा विकार नव्हे. परंतु तोही शेतात राबणाऱ्या गरिबाच्याच वाट्याला येतो, आणि ज्याच्या रुग्णाकडे पैसा नाही त्या आजारावर संशोधन करण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

आंबी परिसरात भातलावणीपासून कापणीपर्यंत हा धोका घरोघरी असतो. नाग, घोणस, फुरसे व मण्यार या चार विषारी सापांत मण्यार सर्वांत फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासे होते. घरची माणसे अपचन समजून ओवा देतात आणि तेवढ्यात श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. घोणशीचे विष मात्र रक्त गोठू देत नाही. ते ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून पाहावे लागते, इतकेच.

आपल्याकडील प्रतिसर्पविष या चारच सापांच्या विषापासून, घोड्यांच्या रक्तातून तयार होते. त्यासाठीचे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत निराळे असते, हे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा तिकडच्या विषावर बेतलेले औषध सह्याद्रीतील रुग्णाला किती मात्रेत पुरेल, हा प्रश्न उरतोच. आपल्या रानांतील चापड्याच्या विषावर तर त्याचा उपयोगच नाही.

याचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळणार नाही. महाड तालुक्यात रुग्णसेवा करता करता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून पाहिले, आणि सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. हे संशोधन खेड्यातील खाटेशेजारी झाले, याचे आम्हांस विशेष वाटते.

म्हणूनच रुग्णाच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे. दंशाची वेळ, ठिकाण व पहिले लक्षण लक्षात ठेवावे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. साप मारून आणण्याचीही गरज नाही. दुरून छायाचित्र मिळाले तर उत्तम. देणगीदारांनी हेही जाणावे की एका रुग्णाला प्रतिसर्पविषाच्या दहा ते वीस कुप्या लागू शकतात आणि मण्यारीच्या रुग्णाला कृत्रिम श्वासावर काही दिवस ठेवावे लागते. या दोन्हींची तजवीज रुग्ण दारात येण्यापूर्वीच असावी लागते.